शेजारचा प्रतिस्पर्धी

कबड्डी असो, हुतुतू असो की बास्केटबॉल असो, कोणताही सांघिक खेळ एका बाजूने खेळता येत नाही. समोर दुसरा संघ उभा राहतो, तेव्हाच खेळाला आरंभ होतो. ही गोष्ट इतकी साधी आहे, की तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आणि म्हणूनच खेळणारे व पाहणारे पुष्कळदा प्रतिस्पर्ध्याला शत्रू समजू लागतात. वस्तुतः प्रतिस्पर्धी हा शत्रू नसून न बोलावता आलेला शिक्षक असतो. अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या शालेय बास्केटबॉलचा इतिहास या गोष्टीची उत्तम साक्ष देतो.

बास्केटबॉलचा जन्म १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी झाला. हिवाळ्यात मैदानी खेळ बंद पडत, म्हणून जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने दहा फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या टांगून हा नवा खेळ सुरू केला. थोड्याच वर्षांत तो इंडियानात पोहोचला आणि मक्याच्या शेतांमधून वसलेल्या लहान लहान गावांनी तो आपलासा केला. या खेळाला पाचच गडी पुरतात; त्यामुळे ज्या शाळेत मुले अगदी थोडी, तिलाही आपला संघ उभा करता आला. १९११ पासून तेथे राज्यस्पर्धा भरू लागली. गावोगावच्या शाळांनी मोठमोठी क्रीडागृहे बांधली. न्यू कॅसल या गावातील शाळेच्या, १९५९ साली उघडलेल्या क्रीडागृहात तर आठ हजारांहून अधिक प्रेक्षक बसू शकतात!

तेथील शाळा आपल्या परिसरातील इतर शाळांशी मिळून एक गट बांधतात. त्याला ‘कॉन्फरन्स’ असे म्हणतात. नोव्हेंबरच्या अखेरीस मुलांच्या सामन्यांचा मोसम सुरू होतो. गटातील आणि गटाबाहेरील शाळांशी सामने होत होत हिवाळा सरतो आणि मग राज्यस्पर्धेचे दिवस येतात. या व्यवस्थेत एक गंमत आहे. मोसमात एखादी शाळा कितीही सामने हरली, तरी राज्यस्पर्धेचे दार तिला बंद होत नाही. मग साहजिकच प्रश्न पडतो, की आरंभीच्या या सामन्यांचा उपयोग काय? त्यांच्यासाठी शेजारच्या दोन गावांनी एवढी चुरस का बाळगावी?

या प्रश्नाचे उत्तर मायलन या खेड्याने दिले आहे. मायलनच्या शाळेत १९५४ साली अवघे १६१ विद्यार्थी होते. त्या मोसमात तिचा संघ दोन वेळा हरला. त्यांपैकी एक पराभव ऑरोरा या जवळच्याच गावाने केला होता. पुढे राज्यस्पर्धेत या दोन शाळांची पुन्हा गाठ पडली आणि या खेपेस मायलनने ऑरोराला ४६ विरुद्ध ३८ गुणांनी हरवले. अखेर २० मार्च १९५४ रोजी, अंतिम सामन्यात, मायलनची गाठ मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेशी पडली. मन्सीने त्यापूर्वीच चार वेळा राज्यविजेतेपद मिळवले होते. दोन्ही बाजूंचे ३० गुण झाले असता अगदी शेवटच्या क्षणी बॉबी प्लंप या मुलाने चेंडू टोपलीत टाकला आणि मायलन ३२ विरुद्ध ३० गुणांनी विजयी झाले. जगाने प्लंपचा तो एक चेंडू पाहिला. परंतु त्या विजयाची पूर्वतयारी मोसमातील पराभवांनी केली होती. टाकीचे घाव सोसल्याखेरीज देवपण येत नाही, हेच खरे. आणि हे घाव घालायला शेजाऱ्याइतका योग्य कारागीर दुसरा कोण? त्याला आपले गुण ठाऊक असतात, तसेच उणेही ठाऊक असते.

मोठ्या शाळांचीही गोष्ट अशीच आहे. ‘नॉर्थ सेंट्रल कॉन्फरन्स’ हा गट १९२६ साली स्थापन झाला. या गटात वर्षानुवर्षे एकमेकींशी झुंजत आलेल्या मन्सी सेंट्रल आणि मॅरियन या शाळांनी प्रत्येकी आठ वेळा राज्यविजेतेपद मिळवले. मन्सीचे आठवे विजेतेपद १९८८ सालचे, तर मॅरियनचे २०१६ सालचे. दोन्ही शाळा एकाच गटातील असाव्यात, हा निव्वळ योगायोग म्हणता येईल काय? एका सुरीने दुसरी सुरी धारदार व्हावी, तसाच हा प्रकार होय.

तथापि, चुरस आणि वैर यांत फार थोडे अंतर असते. मोठी माणसे आपल्या गावाची सारी प्रतिष्ठा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या खांद्यावर ठेवतात, तेव्हा ते अंतर नाहीसे होते. ‘आम्ही चांगले खेळू’ ही चुरस. ‘तुम्ही खेळूच नका’ हे वैर. इंडियानाने या वैराचाही अनुभव घेतला आहे. इंडियानापोलिस शहरात १९२७ साली क्रिस्पस ॲटक्स ही शाळा केवळ कृष्णवर्णीय मुलांसाठी उघडण्यात आली. त्या शाळेला राज्यस्पर्धेत प्रवेश नव्हता. शहरातील गोऱ्या मुलांच्या शाळा तिच्याशी खेळत नसत. शेजारी शाळा असताना तिच्या मुलांना सामन्यांसाठी दूरदूरच्या गावी जावे लागे. पराभव पुढच्या सामन्यात भरून काढता येतो. परंतु ज्याला कोणी खेळायलाच घेत नाही, त्याने काय भरून काढावे? १९४२ साली ही बंदी उठली. १९५४ साली मायलनने याच शाळेला हरवले होते. पुढच्याच वर्षी, ऑस्कर रॉबर्टसनसारखे खेळाडू असलेल्या ॲटक्सने राज्यविजेतेपद मिळवले आणि १९५६ साली तर एकही सामना न गमावता ते राखले. मुलींनाही अशीच वाट पाहावी लागली. त्यांची राज्यस्पर्धा १९७६ साली सुरू झाली.

१९९७-९८ च्या मोसमापासून इंडियानात विद्यार्थिसंख्येनुसार शाळांचे चार वर्ग पाडण्यात आले आणि प्रत्येक वर्गाचे विजेतेपद निराळे झाले. त्यामुळे लहान शाळांच्या वाट्याला विजयाचा आनंद अधिक येऊ लागला, यात शंका नाही. परंतु मायलन आणि मन्सी यांच्यासारखी गाठ आता अंतिम सामन्यात पडत नाही. म्हणूनच मोसमाच्या आरंभीचे सामने पूर्वीपेक्षाही मोलाचे झाले आहेत. लहान शाळेने मोठ्या शेजाऱ्यासमोर उभे राहून आपले बळ अजमावण्याची संधी आता तेथेच उरली आहे. मोठ्या शाळांनी हे सामने टाळू नयेत आणि लहान शाळांनी त्यांना भिऊ नये.

विजयचिन्ह एकाच शाळेच्या कपाटात जाते. बाकीच्या शेकडो शाळांच्या पदरी त्या वर्षी काय पडते, ते मात्र त्यांचे शेजारी ठरवतात. सामना संपल्यावर प्रतिस्पर्ध्याचा हात हाती घेण्याची जी चाल आहे, ती केवळ शिष्टाचाराची नव्हे. ज्याने आपले उणे दाखवून दिले, त्याचे ऋण मान्य करण्याची ती रीत आहे.