स्वस्त स्वर्गाचे उमेदवार

आमचे एक स्नेही नुकतेच नोकरींतून निवृत्त झाले. पत्नी तीन वर्षांपूर्वीं वारली. मुलगा कॅनडांत, मुलगी ऑस्ट्रेलियांत. सकाळचें वर्तमानपत्र आणि संध्याकाळचा फेरफटका यांच्या मधला दिवस त्यांस पुण्याच्या घरांत खायला उठतो. हे गृहस्थ परवां एक वही घेऊन आमच्याकडे आले. वहींत दोन रकाने होते. डावीकडे पुणें, उजवीकडे फिलिपीन्स देशांतील एक शहर. घरभाडें, वीज, मासळी, औषधपाणी, स्वयंपाकीण आणि सर्वांत शेवटीं 'आजारपणांत जवळ राहणारें माणूस', अशा बाबी खालोखाल मांडून त्यांपुढें आंकडे लिहिले होते. प्रत्येक ओळींत उजवा रकाना हलका भरेल असा त्यांचा हिशेब होता. "उरलेलीं वर्षें तिकडेच काढावीं म्हणतों. तुमचें काय मत, प्रोफेसर?" असा त्यांचा प्रश्न. आम्हीं त्या वेळीं दिलेलें उत्तर अपुरें होतें. आणि हा प्रश्न आतां त्यांच्या एकट्याचा राहिलेला नाहीं. पाश्चात्त्य पेन्शनरांना जो मोह फार दिवसांपासून पडला आहे, तो आतां आमच्या सुशिक्षित वर्गांतही शिरूं पाहत आहे. २०२५ च्या जूनपासून भारतीयांस त्या देशांत चौदा दिवसांपुरतें व्हिसावांचून जातां येऊं लागलें, तेव्हांपासून तर चौदा दिवसांची सहल करून येणारा मनुष्य चौदा वर्षांचा बेत करूं लागला आहे. सबब या विषयाचा परामर्श येथें जरा विस्तारानें घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम पूर्वपक्ष प्रामाणिकपणें मांडूं. फिलिपीन्सचें आकर्षण खोटें नाहीं. सात हजारांहून अधिक बेटांचा हा देश. नारळ, केळी, फणस, भात आणि मासळी हीं तेथील माणसाचीं नित्याचीं सोबती. कोंकणांत वाढलेल्या मनुष्यास तेथें पाऊल ठेवतांच ओळख पटावी. इंग्रजी ही तेथील राज्यकारभाराची एक भाषा आहे. परदेशी निवृत्तांना दीर्घकाळ राहतां यावें म्हणून सरकारनें १९८५ पासून स्वतंत्र खातेंच चालविलें आहे. वडील माणसाचा हात घेऊन आपल्या कपाळास लावण्याची चाल तेथें आहे, आणि वडिलांशीं बोलतांना वाक्यांत 'पो' हा आदरार्थी शब्द घालण्याची रीत आहे. तागालोग भाषेंत शिक्षकास 'गुरो', तोंडास 'मुखा', आशेस 'आसा' म्हणतात, हें ऐकून कोणत्या मराठी मनुष्याचा जीव सुखावणार नाहीं? हें सर्व आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप त्या देशावर नाहीं; देशांतर करण्यावरही नाहीं. ज्या वहीनें देश मोजला जातो, त्या वहीवर आमचा आक्षेप आहे.

वहीचा पहिला आधार स्वस्ताई. परंतु ही स्वस्ताई कोणाच्या घरची? ज्या देशांत आमचे स्नेही सुखानें राहूं पाहतात, त्या देशाचीं सुमारें एक कोटी माणसें स्वदेशाबाहेर राहतात. हाँगकाँगच्या बिऱ्हाडांत घरकाम करणारी स्त्री, आखातांतला मजूर, जगभरच्या जहाजांवरील खलाशी, अमेरिकेंतील आणि इंग्लंडांतील रुग्णालयांत रात्र जागणारी परिचारिका, ही सर्व त्या बेटांचीच लेंकरें. १९७४ च्या कामगारसंहितेनें या परदेशगमनास सरकारी धोरणाचें रूप दिलें, आणि आज या लोकांनीं घरीं धाडलेली रक्कम वर्षास तीन हजार कोटी डॉलरांच्या वर जाते. सरकार त्यांना देशाचे नवे वीर म्हणून गौरवितें. परंतु त्या वीरांचीं मुलें आजीच्या हातीं वाढतात. आमच्या स्नेह्यांच्या वहींतील शेवटची बाब आतां पुन्हां वाचावी. 'आजारपणांत जवळ राहणारें माणूस' तेथें स्वस्त मिळतें, याचें कारण एवढेंच कीं, तेथें मजुरी अपुरी आहे. आणि ती अपुरी आहे म्हणूनच त्या माणसाची बहीण दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईची उशी नीट करण्यास समुद्रापार गेली आहे. जी गोष्ट आम्हांस लाभाची वाटते, तीच त्या घराची हानि आहे. तागालोगमध्यें संस्कृतांतून गेलेला आणखी एक शब्द आहे, 'दुखा'. त्याचा तेथील अर्थ दरिद्री असा आहे. 'गुरो' आणि 'आसा' ऐकून सुखावणाऱ्यानें हाही शब्द ऐकून ठेवावा.

यावर आम्हांस असें विचारलें जाईल कीं, "तुमच्या पैशानें त्या गरीब बाईची चूल पेटेल, यांत वाईट काय?" वाईट कांहींच नाहीं; चूल पेटते ही गोष्ट खरी आहे व ती लहान नाहीं. दुसरा प्रश्न याहून अवघड आहे: "मराठी तरुण अमेरिकेस जातात ते तरी पैशासाठींच ना? मग म्हाताऱ्यांनाच हा उपदेश कां?" उत्तर असें कीं, तरुण आपले श्रम विकण्यास जातो, त्याला त्या समाजाच्या अटींवर रहावें लागतें, तेथील भाषा शिकावी लागते, वरिष्ठाचे चार शब्द ऐकावे लागतात. पैसेवाला निवृत्त मनुष्य दुसऱ्याचे श्रम विकत घेण्यास जातो, आणि विकत घेणाऱ्यावर नम्र होण्याची सक्ति कोणी करीत नाहीं. जेथें सक्ति नाहीं तेथें ती स्वतःवर स्वतःच करावी लागते. आमचें म्हणणें एवढेंच आहे.

वहीचा दुसरा आधार म्हणजे 'तेथें इंग्रजीनें निभतें.' निभतें कोठें? दुकानांत, बँकेंत, विमानतळावर निभतें. परंतु २०१३ च्या नोव्हेंबरच्या ८ तारखेस हैयान नांवाचें चक्रीवादळ, ज्यास तेथें योलांडा म्हणतात, ताक्लोबान शहरावर आलें, तेव्हांची गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. वादळाची सूचना आगाऊ मिळाली होती. समुद्र उसळून गांवांत शिरेल हेंही सांगितलें गेलें होतें. पण तें 'स्टॉर्म सर्ज' या इंग्रजी शब्दांनीं. त्या शब्दांचा अर्थ कित्येकांस उमगला नाहीं. भिंतीएवढें पाणी येणार आहे असें त्यांच्या बोलींत कोणी स्पष्ट सांगितलें असतें तर आपण घर सोडलें असतें, असें वांचलेल्या अनेकांनीं मागाहून बोलून दाखविलें. सरकारी मोजणीप्रमाणें त्या वादळांत ६,३०० माणसें मेलीं. जेथें तेथल्याच माणसास इंग्रजीनें वांचविलें नाहीं, तेथें आमच्या स्नेह्यांस ती वांचवील काय? त्या देशाच्या टापूंत वर्षास सरासरी वीस वादळें शिरतात. १९९१ सालीं पिनातुबो फुटला, २०२० सालीं ताआल धुमसला. अशा रात्रीं पेन्शनचा आंकडा दार ठोठावीत नाहीं. शेजारी ठोठावतो, आणि तो आपल्या भाषेंत हांक मारतो. ती हांक समजण्याइतकी भाषा ज्याला यावयाची नाहीं, त्यानें स्वस्त घरभाड्याचा हिशेब पुन्हां करावा.

तिसरी तक्रार कायद्याची. तेथें परदेशी मनुष्यास जमीन विकत घेतां येत नाहीं. १९८७ च्या राज्यघटनेनें ती स्वदेशीयांसाठीं राखून ठेविली आहे. परदेशीयांस फार तर मोठ्या इमारतींतील सदनिका घेतां येतात, आणि त्यांचा एकूण हिस्सा इमारतीच्या चाळीस टक्क्यांपलीकडे जाऊं शकत नाहीं. मग कोणी बायकोच्या नांवानें, कोणी कारकुनाच्या नांवानें जमीन घेतो, पुढें फसतो, आणि देशास कृतघ्न म्हणून शिव्या देत परततो. या रडगाण्याची आम्हांस यत्किंचितही कींव येत नाहीं. ज्या लोकांवर स्पेननें तीनशेंहून अधिक वर्षें राज्य केलें, ज्यांचा सबंध देश १८९८ सालीं स्पेननें दोन कोटी डॉलर घेऊन अमेरिकेच्या हवालीं केला, आणि तोही त्या लोकांनीं १२ जून रोजीं आपलें स्वातंत्र्य पुकारल्यावर, त्यांनीं आपली भूमि परक्यास न विकण्याचा निर्धार घटनेंत लिहून ठेवावा यांत नवल कसलें? आमच्या महाराष्ट्रांत तरी जो शेतकरी नाहीं त्याला शेतजमीन सहजासहजीं घेतां येते काय? स्वतःच्या गांवीं जो नियम आपण शहाणपणाचा मानतों, तो परगांवीं आपल्याला लागू झाला म्हणजे जुलमी कसा ठरतो, हें आम्हांस कोणीं तरी समजावून द्यावें.

चौथी गोष्ट सर्वांत अधिक संतापजनक. "लोक मोठे हंसतमुख, साधे, जरा आळशी, पण गरीब स्वभावाचे," असें प्रशस्तिपत्र हे उमेदवार त्या राष्ट्रास देत असतात. हेंच प्रशस्तिपत्र इंग्रज साहेब आपल्या आजोबांस देत असे, हें ते विसरतात. आळशीपणाच्या आरोपास होसे रिसाल यानें १८९० सालींच सविस्तर उत्तर लिहून ठेविलें आहे: परके येण्यापूर्वीं हे लोक व्यापार करीत, जहाजें बांधीत, ज्याच्या श्रमाचें फळ दुसरा नेतो त्याचा हुरूप मरतो, हें त्याचें प्रतिपादन. याच रिसालनें १८८७ सालीं 'नोली मे तांगेरे' ही कादंबरी लिहिली, आणि १८९६ च्या डिसेंबरच्या ३० तारखेस स्पॅनिश सरकारनें त्याला गोळ्या घालून मारिलें; तो त्या वेळीं अवघा पस्तीस वर्षांचा होता. १९८६ सालीं याच 'साध्या' लोकांनीं मनिलाच्या हमरस्त्यावर रणगाड्यांपुढें उभें राहून हुकूमशहास देशाबाहेर घालविलें. हंसणें हा त्यांचा शिष्टाचार आहे. तो त्यांच्या बुद्धीचा दाखला समजणारा मनुष्य स्वतःच साधा म्हणावा लागेल.

आतां एक गोष्ट खास आमच्या वाचकांसाठीं. फिलिपीन्समध्यें भारतीय मनुष्यास सामान्य लोक काय म्हणतात, हें किती जणांस ठाऊक आहे? 'बुंबाय'. आमच्या मुंबईचेंच तें नांव. बिसाया भाषेंत तर कांद्यालाही 'बोंबाय' म्हणतात. परंतु या नांवाची छटा गौरवाची नाहीं. पांच उसने द्यावयाचे आणि सहा वसूल करावयाचे, असा दारोदार व्यवहार करणारे आपले कांहीं देशबांधव, मुख्यत्वें पंजाबकडील, तेथें पिढ्यान् पिढ्या फिरत आले आहेत. आणि रडणाऱ्या मुलास आई 'बुंबाय येईल हं' अशी भीति घालते. अडल्या वेळीं बँक ज्याला उभें करीत नाहीं त्याला हेच लोक पैसे देतात, हेंही खरें. तरी नांवास जो वास चिकटला तो चिकटलाच.

याच्या उलट दोन गोष्टी आहेत. १७६२ सालीं इंग्रजांनीं मनिला घेतलें, तेव्हां मद्रासेहून नेलेल्या फौजेंतील कांहीं शिपाई इंग्रज परतल्यावरही मागें राहिले. काइंता गांवांत त्यांनीं संसार थाटले, तेथल्याच मुलींशीं लग्नें केलीं, आणि त्यांचे वंशज आज त्या गांवचेच आहेत. त्यांच्याजवळ वही नव्हती. दुसरी गोष्ट याहून जवळची. राष्ट्राध्यक्ष मागसायसाय यांच्या नांवें मनिलांत जो पुरस्कार दिला जातो, तो पहिल्याच वर्षीं, १९५८ सालीं, आमच्या विनोबांस मिळाला. पुढें १९५९ सालीं चिंतामणराव देशमुखांस आणि १९८५ सालीं बाबा आमट्यांस. त्या राष्ट्रानें आमच्यांतील थोर माणसें ओळखून त्यांचा सत्कार केला; आम्हीं मात्र त्यांच्यांतील स्वस्त मोलकरीण ओळखली. मराठी मुलें वैद्यकीय शिक्षणासाठीं दावाव शहराकडे जाऊं लागलीं आहेत. तेथल्या रोग्यांत वावरतांना तीं तरी बापांपेक्षां अधिक कांहीं शिकून येतील अशी आशा करूं.

तर मग जाऊं नये काय? आमचें म्हणणें असें नाहीं. जावें; परंतु प्रथम डिसेंबरांत जाऊं नये, जूनमध्यें जावें, आणि वादळांचे सहा महिने तेथें काढून पहावे. परदेशी पेन्शनरांच्या वसाहतींत न राहतां साध्या वस्तींत रहावें. जेथें रहावयाचें तेथील भाषा तागालोग कीं बिसाया कीं इलोकानो हें आधीं विचारावें, आणि ती शिकूं लागावें. आजारपणांत जवळ बसणाऱ्या बाईचीं मुलें कोठें आहेत हें तिला विचारण्याइतकी ती भाषा आली, म्हणजे मग वही उघडावी.

तेथें गांवाच्या सर्वांत लहान शासकीय विभागास 'बारांगाय' म्हणतात. पूर्वीं त्याचा अर्थ होडी असा होता. एका होडींतून आलेले लोक तो एक गांव. होडींत बसणाऱ्याला पाण्याचें भय सर्वांबरोबर वांटून घ्यावें लागतें. भाडें भरलें म्हणून तें चुकत नाहीं.

हें सर्व आम्हीं त्या स्नेह्यांस वाचून दाखविलें. ते बराच वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले, "या वयांत आतां मी कोणती भाषा शिकूं?" प्रश्न प्रामाणिक होता, आणि त्यामागचा एकटेपणा आम्हांस दिसत होता. त्यांचीं मुलें दूर गेलीं; त्या बाईचीही गेलीं असतील. तरीही आम्हीं उत्तर दिलें तें येथें लिहितों: ज्या वयांत नवी भाषा शिकवत नाहीं, त्या वयांत नवा देशही मागूं नये. पुण्यांतील त्यांच्या घराच्या समोरच्या बिऱ्हाडांत एक विधवा आजी एकटी राहते. तिचें नांव काय, हें आमच्या स्नेह्यांस सांगतां आलें नाहीं.