ज्ञानाच्या बाजारातील काटा

कळंबचा शेतकरी मंचर वा नारायणगावच्या बाजारात माल नेतो, तेव्हा त्याची नजर प्रथम काट्यावर असते. काटा मारणाऱ्या व्यापाऱ्याला तो ओळखतो, त्याच्याशी भांडतो, प्रसंगी संघटना उभी करतो. परंतु त्याच्याच करांवर पोसल्या जाणाऱ्या विद्यापीठांत ज्ञानाचा काटा कसा मारला जातो, याची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. आणि पुरोगामी चळवळीनेही ती पोहोचविण्याची तसदी घेतलेली नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली पीएच.डी.साठी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती केली आणि २०१० मध्ये प्राध्यापकांची नेमणूक व बढती गुणांकांशी जखडली. अर्थशास्त्राच्या भाषेत ही नगावर मजुरी झाली. नगावर मजुरी दिली की नग वाढतात आणि माल हलका होतो. विडी कामगाराच्या विड्यांची निदान छाट तरी होते. येथे तीही करणारा कोणी नव्हता. मग पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके पावसाळी छत्र्यांसारखी उगवली, यात नवल कसले?

या व्यवहाराचे माप पुण्यातही घेतले गेले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, विद्यापीठांच्या शिफारशीवरून आयोगाच्या मान्य यादीत शिरलेली १००९ नियतकालिके तपासली. ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट ठरण्याजोगी होती. कोणाचा पत्ता नाही, कोणाच्या संपादकांचा ठावठिकाणा नाही, कोणाचे दावेच खोटे. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून वगळली. पुढे नवी यादी आली; २०२२ मध्ये पीएच.डी.ची सक्ती उठली. आणि २०२५ मध्ये ती यादीही गुंडाळून नियतकालिकांची पारख संस्थांवर सोपविण्यात आली. निबंधांच्या संख्येवर ज्यांचा क्रमांक ठरतो, त्यांनीच निबंधांची पारख करायची! उंदराला मांजर साक्ष, ती हीच.

या लबाडीचे खापर केवळ व्यक्तींच्या नीतीवर फोडणे सोयीचे असले, तरी अपुरे आहे. तासिका तत्त्वावर राबणारा शिक्षक आपल्या तुटपुंज्या मानधनातून छपाईचे शुल्क भरतो, तेव्हा तो दोषी असतो तसाच नाडलेलाही असतो. खेड्यातील शिक्षकाने संशोधनाच्या फंदात पडूच नये, हा प्रतिष्ठितांचा युक्तिवाद तर सरळ वर्णवर्चस्वाचा आहे. संशोधनाचा अधिकार सर्वांना हवा. त्यासाठी वेळ, ग्रंथालय आणि निर्भयताही हवी.

उत्तम उदाहरण शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. कळंबपासून जवळच, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, गोविंद स्वरूप यांच्या दृष्टीतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या. जून २०२३ मध्ये तिच्या निरीक्षणांच्या साहाय्याने भारतीय व युरोपीय शास्त्रज्ञांनी अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींविषयीचे निष्कर्ष जाहीर केले. इतर देशांतील गटांनीही त्याच वेळी आपापले स्वतंत्र निष्कर्ष मांडले. तरीही ‘शोध लागला’ अशी दवंडी कोणी पिटली नाही. पुरावा मिळतो आहे, पण शोध म्हणण्याची कसोटी अद्याप पुरी झालेली नाही, असेच त्यांनी सांगितले. वर्षानुवर्षांच्या श्रमानंतरचा हा संयम म्हणजेच विज्ञान.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. नेमणूक व बढतीतून निबंधांची मोजदाद हद्दपार व्हावी. सार्वजनिक पैशातून जमविलेली माहिती, माणसांची खाजगी ओळख राखून, तपासणीस खुली असावी. दुसऱ्याचा निष्कर्ष पडताळून पाहणाऱ्यास, आणि प्रयोग फसला असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यासही, मान मिळावा. चूक दाखविणाऱ्या कनिष्ठाला संरक्षण असावे. प्राध्यापक संघटनांनी वेतनश्रेणीइतक्याच तळमळीने हे प्रश्न हाती घ्यावेत.

आणि कार्यकर्त्यांनीही आपला काटा तपासावा. धरणग्रस्तांच्या सभेत असो वा मजुरीच्या मोर्चात, सोयीचा आकडा मिळाला की तो कोठून आला हे न विचारण्याची सवय चळवळीलाही जडली आहे. खोट्या आकड्यावर उभारलेली न्याय्य मागणी पहिल्याच उलटतपासणीत कोसळते, आणि तिच्याबरोबर ज्यांच्यासाठी ती मांडली ते गरीबही कोसळतात. सरकारकडे प्रामाणिक मापाचा आग्रह धरणाऱ्यांच्या तागडीत पासंग असता कामा नये.