घड्याळ कोणाच्या सोयीचे?

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्या काळी दुसरी वाहिनीच नव्हती, पण वेळेची खात्री होती. ‘आमची माती, आमची माणसं’ किंवा ‘छायागीत’ कधी लागणार, हे घरातल्या लहानथोरांना पाठ असे. १९८७ मध्ये ‘रामायण’ आले आणि रविवारची सकाळच त्या मालिकेभोवती बेतली गेली. २०२० च्या टाळेबंदीत तीच मालिका रोज सकाळी नऊ व रात्री नऊला लागली, तेव्हाही घरे पडद्यासमोर जमलीच.

आज मोबाइलवर हवे ते हवे तेव्हा दिसते. मग वेळापत्रकाची चिंता कशाला? कारण ज्या आजी-आजोबांना मोबाइलचे तंत्र जमत नाही, त्यांचा आधार ठरलेली वेळ हाच असतो.

१९९० च्या प्रसारभारती कायद्याने शेती, आरोग्य, शिक्षण, मुले, वृद्ध यांच्याकडे विशेष लक्ष देण्याची जबाबदारी सोपवली आहे. परंतु शेतकरी रानात असताना शेतीचा आणि मुले शाळेत असताना मुलांचा कार्यक्रम दाखवला, तर कायदा पाळला जातो, कर्तव्य नव्हे. संध्याकाळची वेळ जाहिरातींच्या मिळकतीची, हे खरे. तरीही त्यातला अर्धा तास या मंडळींसाठी राखून ठेवावा. खासगी वाहिन्यांवर सासू-सुनांची भांडणे रंगलेली असताना ती नको असणाऱ्यांनाही काही पाहायला मिळावे. आणि सामन्यामुळे कार्यक्रम पुढे ढकलायचा, तर आदल्या दिवशी सांगावे. पाहुण्याला जेवायला बोलावून चूल विझवू नये, एवढीच अपेक्षा.