वेल लोकांची राहिली पाहिजे

भुकेची मोजदाद करताना आपण धान्याची पोती मोजतो. कोठारे भरली की भुकेचा प्रश्न सुटला, असे राज्यकर्ते जाहीर करतात आणि बव्हंशी लोकही ते मान्य करून मोकळे होतात. परंतु पोटात अन्न पडत असूनही शरीर उपाशी राहू शकते, हे आहारशास्त्राने सिद्ध केल्याला आता बराच काळ लोटला आहे. अ जीवनसत्त्वाची उणीव हे या अदृश्य उपासमारीचे एक अत्यंत क्रूर रूप होय. मुलाला प्रथम दिवेलागणीनंतर दिसेनासे होते; मग डोळे कोरडे पडतात; वेळीच उपाय झाला नाही तर दृष्टी कायमची जाते. पुष्कळदा इतकी वाट पाहण्याचीही गरज उरत नाही. प्रतिकारशक्ती खचलेल्या त्या मुलाला गोवर किंवा अतिसार आधीच गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशी उणीव असलेल्या शाळापूर्व वयाच्या बालकांची जगातील संख्या सुमारे १९ कोटी सांगितली होती. त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेतील आणि आपल्या या दक्षिण व आग्नेय आशियातील होती.

या व्याधीवरचा उपाय अज्ञात आहे असे नाही. दूध, अंडी, मासे, हिरव्या पालेभाज्या, पिकलेला आंबा यांतून हे जीवनसत्त्व किंवा ते तयार होण्यास लागणारे द्रव्य मिळते. अडचण आहे ती ऐपतीची. ज्या घरात दोन वेळचा मका किंवा भात जमवतानाच दिवस मावळतो, त्या घराला समतोल आहाराचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा ठरते. म्हणूनच, गरिबांच्या ताटात आज जे आहे त्याचाच कस वाढवता येईल का, हा प्रश्न काही कृषिशास्त्रज्ञांनी स्वतःला विचारला, आणि आफ्रिकेत त्याचे एक उत्तर रताळ्याने दिले. त्या प्रयत्नाचा विचार येथे करावयाचा आहे तो केवळ शास्त्रीय कौतुक म्हणून नव्हे. विज्ञान कोणासाठी राबते आणि त्याचे फळ कोणाच्या मालकीचे होते, या जुन्या प्रश्नावर त्यातून प्रकाश पडतो.

पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांत रताळे हे फार जुने पीक आहे. बहुतेक ठिकाणी ते स्त्रियांचे पीक समजले जाते. घरालगतच्या तुकड्यात, फारसे खत-पाणी न घालता ते येते आणि धान्य संपल्यावरच्या दिवसांत घर तगवते. परंतु तेथे परंपरेने लावली जाणारी वाणे पांढऱ्या किंवा फिकट गराची. ज्या बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, ते द्रव्य त्या गरात जवळजवळ नसते. नारिंगी गराच्या रताळ्यात ते विपुल असते. चांगल्या वाणाचे सुमारे १२५ ग्रॅमचे एक रताळे लहान मुलाची दिवसाची गरज भागवू शकते. मग अमेरिकेतील नारिंगी वाणे आणून लावली की काम झाले, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती वाणे आफ्रिकेत विषाणुरोगाला बळी पडत, आणि त्यांचा गर पाणचट असे. आफ्रिकेतील घरांना रताळे हवे असते ते कोरडे, पिठूळ, पोटाला आधार देणारे. रंग वाढला की पिठूळपणा कमी होतो, अशी या पिकाची सर्वसाधारण प्रवृत्ती. जे लोक खाणारच नाहीत ते कितीही पौष्टिक असले तरी त्याचे मोल शून्य.

ही गाठ सोडवण्याचे काम वर्षानुवर्षे चिकाटीने करावे लागले. युगांडातील नामुलोंगे येथील सरकारी संशोधन केंद्रात रॉबर्ट म्वांगा यांनी विषाणुरोगाला तोंड देणारी वाणे निवडण्याचा ध्यास घेतला. २००४ मध्ये तेथे ‘काकामेगा’ आणि ‘एजुमुला’ ही नारिंगी वाणे प्रसारित झाली. मोझांबिकमध्ये केप व्हर्दे बेटांवरून आलेल्या मारिया अँद्रादे यांनी दुष्काळाचे आव्हान स्वीकारले. या देशातील प्रदीर्घ यादवी युद्ध १९९२ मध्ये संपले होते आणि २००० साली महापुराने त्याला पुन्हा झोडपले. पुरानंतर तेथे नारिंगी रताळ्याच्या वेली वाटण्यात आल्या. परंतु बाहेरून आलेली ती वाणे पुढच्या दुष्काळात तग धरीनात. तेव्हा देशातच, तेथल्याच कोरड्या मातीत संकर करून निवड करण्याचे काम हाती घेतले गेले, आणि २०११ मध्ये दुष्काळात टिकणारी १५ नारिंगी वाणे एकदम प्रसारित झाली.

रताळ्याची पैदास सोपी नाही. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे सहा संच असतात, एकूण नव्वद. त्यामुळे संकरातून मिळालेले प्रत्येक बी निराळे निपजते आणि हजारो रोपांतून एखादेच उपयोगी ठरते. मात्र ते एकदा हाती लागले की निसर्ग उदार होतो. वेलीचा हातभर तुकडा मातीत खोवला की तेच वाण, त्याच गुणांसह, पुन्हा उभे राहते. निवडीच्या पहिल्या टप्प्यापासूनच निरनिराळ्या प्रदेशांत एकाच वेळी चाचण्या घेण्याची पद्धत स्वीकारल्यामुळे सात-आठ वर्षांचे काम चार-पाच वर्षांवर आले. यात कोठेही परकीय जनुक घातलेले नाही. शेतकरी शतकानुशतके करीत आला ती निवडच येथे शास्त्रशुद्ध रीतीने आणि वेगाने करण्यात आली.

पण वाण तयार झाल्याने मूल सुदृढ होते काय? याचे उत्तर देण्याची जबाबदारी यान लो या अर्थशास्त्रज्ञ स्त्रीने व तिच्या सहकाऱ्यांनी घेतली. मोझांबिकच्या झांबेझिया प्रांतातील ७४१ कुटुंबांतील बालकांचा दोन वर्षे अभ्यास करून त्यांनी २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या कुटुंबांत हा कार्यक्रम राबवला गेला तेथील मुलांच्या आहारातील अ जीवनसत्त्वाचे दैनिक प्रमाण ४२६ मायक्रोग्रॅम आढळले, तर इतर मुलांत ते अवघे ५६ होते. रक्तात या जीवनसत्त्वाची उणीव असलेल्या मुलांचे प्रमाण ६० टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले. कार्यक्रमाबाहेरील मुलांत असा बदल झाला नाही. पुढे मोझांबिकमधीलच दुसऱ्या अभ्यासात, २०१५ मध्ये, या रताळ्यामुळे पाच वर्षांखालील मुलांतील अतिसार घटल्याचेही दिसून आले. म्वांगा, अँद्रादे, लो आणि पौष्टिक पिकांच्या कल्पनेचा जगभर पाठपुरावा करणारे हॉवर्थ बुइस या चौघांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो या कामाबद्दल.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. झांबेझियात यश मिळाले ते एकट्या वेलीमुळे मिळाले नाही. वेलीबरोबर गावात आहाराचे शिक्षण देणाऱ्या कार्यकर्त्या गेल्या. मुलाला काय, किती आणि कसे भरवावे हे आयांशी बोलले गेले. रताळ्यासोबत थोडे तेल किंवा शेंगदाणे असल्याखेरीज त्यातील द्रव्य अंगी लागत नाही, हे सांगितले गेले. जास्तीचे पीक विकता यावे म्हणून बाजार उभा केला गेला. आफ्रिकेतील कोरडा हंगाम सहा-सहा महिने चालतो. त्या काळात वेली वाळतात आणि पाऊस येतो तेव्हा लावायला बेणेच उरत नाही. यावर उपाय निघाला तोही साधा: निरोगी लहान रताळी कोरड्या वाळूत जपायची, पावसाआधी काही आठवडे ती मातीत पुरून पाणी द्यायचे आणि फुटलेल्या कोंबांचे बेणे करायचे. प्रयोगशाळेतील शोध आणि परसातील शहाणपण यांची अशी सांगड पडली तेव्हाच मुलांच्या रक्तात फरक दिसला.

आता मालकीचा मुद्दा. रताळ्याचे बेणे एकदा मिळाले की ते दरसाल विकत घ्यावे लागत नाही. शेजारीण शेजारणीला ते कुंपणावरून देते. गरिबांच्या दृष्टीने याहून सुंदर गुण नाही. आणि नफ्यासाठी बियाणे विकणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने याहून मोठा दोष नाही. ज्या वाणातून दरवर्षी पैसा काढता येत नाही त्यावर भांडवल कोण लावील? त्यामुळे हे काम झाले ते सार्वजनिक पैशावर: राष्ट्रीय संशोधन संस्थांत आणि पेरूमधील लिमा येथे १९७१ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रात. परंतु त्या पैशाचा मोठा भाग श्रीमंत देशांच्या मदतीचा आणि धनिकांच्या प्रतिष्ठानांचा होता. मोझांबिकमधील रताळ्याच्या प्रसारामागे अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेचा पैसा होता. २०२५ मध्ये त्या देशाच्या नव्या सरकारने ती संस्थाच मोडीत काढली. दात्याचे औदार्य दात्याच्या राजकारणाइतकेच टिकाऊ असते, हा धडा गरीब देशांना पुन्हा एकदा मिळाला. ज्या राष्ट्राला आपल्या मुलांचे डोळे वाचवायचे आहेत त्याने आपल्या संशोधन केंद्राचे आणि आपल्या ग्रामसेविकेचे वेतन आपल्या अंदाजपत्रकातून दिले पाहिजे.

या प्रयत्नांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. गरिबांना दूध-अंडी परवडतील अशी मजुरी देण्याऐवजी त्यांच्या रताळ्यातच जीवनसत्त्व भरून देणे ही दारिद्र्याशी केलेली तडजोड नव्हे काय? आक्षेपातील भीती आम्हाला मान्य आहे. रताळ्याने लोहाची आणि प्रथिनांची उणीव भरून निघत नाही. पिकाचा कस वाढला म्हणून जमिनीच्या वाटपाचा किंवा किमान वेतनाचा प्रश्न मागे पडत असेल, तर ते विज्ञानाच्या नावावर केलेले ढोंग ठरेल. परंतु मजुरी वाढेपर्यंत मुलाने आंधळे व्हावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. वेल ही हक्कांच्या लढ्याची जागा घेऊ शकत नाही. लढणाऱ्यांच्या मुलांना मात्र ती सांभाळू शकते. धोरणात तिचे स्थान एवढेच आणि इतके मोलाचे असावे.

हा विचार आपल्यालाही दूरचा नाही. बालकांतील पोषणजन्य अंधत्व टाळण्यासाठी अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम भारताने १९७० मध्ये सुरू केला. तरीही २०१६ ते २०१८ या काळातील देशव्यापी पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षे वयाच्या सुमारे १८ टक्के बालकांत ही उणीव आढळली. तिरुवनंतपुरम येथे १९६३ पासून कार्यरत असलेल्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने ‘भू सोना’ हे नारिंगी वाण सिद्ध केले आहे. त्याच्या शंभर ग्रॅम गरात १४ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असते. म्हणजे शास्त्रज्ञांनी आपले काम केले आहे. पुढचे काम शासनाचे, आणि तेथेच घोडे अडते. कारखान्यात तयार केलेले पोषक दाणे तांदळात मिसळून रास्त भाव दुकानांतून वाटण्याची घोषणा २०२१ मध्ये लाल किल्ल्यावरून झाली. ज्याची निविदा निघते ते सरकारला लवकर सुचते. ज्याचे बेणे शेजारणीकडून फुकट मिळते त्याची फाईल मात्र सरकत नाही.

महाराष्ट्रात रताळे घरोघर शिजते ते आषाढी एकादशीला आणि महाशिवरात्रीला. उपवासाच्या या अन्नाला बालकाच्या रोजच्या आहारात स्थान देण्यासाठी फार मोठ्या खटाटोपाची गरज नाही. आदिवासी तालुक्यांतील अंगणवाड्यांच्या परसात नारिंगी वाणाची लावण करावी, कृषी विद्यापीठांनी निरोगी बेण्याचे मळे राखावेत, स्त्रियांच्या बचत गटांकडे वाटप सोपवावे, आणि पिकलेले रताळे अंगणवाडीनेच योग्य भावाने विकत घ्यावे, एवढेच करावयाचे आहे. मात्र शालेय पोषण आहारातील अंड्यांसाठीचा निधी जानेवारी २०२५ मध्ये बंद करणाऱ्या राज्य शासनाने रताळे हे अंड्याला पर्याय म्हणून पुढे करू नये. मुलांच्या ताटात अंडेही हवे आणि रताळेही हवे.

आफ्रिकेतील अनुभवाचे सार थोडक्यात सांगता येते. सार्वजनिक संस्थांत विज्ञान राबले, त्याचे फळ कोणाच्या एकाधिकारात अडकले नाही, आणि ते गावापर्यंत नेणारी माणसे होती, तेव्हा मुलांच्या रक्तातील उणीव दोन वर्षांत घटली. यांतला एक दुवा तुटला की उरलेले दोन निष्फळ होतात. आपल्याकडे वाण आहे, अंगणवाडी आहे, अंगणवाडी सेविकाही आहे. त्यांना जोडणारी राजकीय इच्छा तेवढी नाही, आणि ती कोणत्याही प्रयोगशाळेत तयार होत नाही. ती लोकांनी संघटित होऊन निर्माण करावी लागते.