गाडी मुलाची, हत्यारे बापाची

आपल्या समाजातील काही मुले-मुली शिकून नोकरीनिमित्त अमेरिकेत गेली आणि तिथेच त्यांचे संसार उभे राहिले. त्यांची पोरे शाळेत जाऊ लागली की काही जण तिथल्या कब स्काउटमध्ये नाव घालतात, आणि एके दिवशी घरात एक छोटा खोका येतो. त्यात पाईनच्या लाकडाचा ७ इंच लांब, पावणेदोन इंच रुंद ठोकळा, प्लॅस्टिकची चार चाके आणि आसाकरिता चार खिळे असतात. एवढ्यावर मुलाने गाडी घडवायची आणि उतारावरून सोडून शर्यतीत उतरवायची. हीच ‘पाईनवूड डर्बी’. आजी-आजोबांना फोनवर नातवंडांचा हा उत्साह ऐकू येतो, पण पोर नेमके काय करते आहे ते उमगत नाही. त्यांच्यासाठी आजचे हे सदर.

ही शर्यत १९५३ साली कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच या गावी सुरू झाली. डॉन मर्फी नावाच्या गृहस्थांचा मुलगा दहा वर्षांचा होता. पोराने स्वतः गाडीत बसून उतारावरून धावायची ‘सोप बॉक्स डर्बी’ तिकडे तेव्हाही होती. पण तिच्यासाठी तो लहान पडत होता. म्हणून बापाने हातात मावेल एवढ्या गाडीची शर्यत काढली. बाप-लेकाने मिळून काही घडवावे, हाच त्यामागचा हेतू.

गाडीला इंजिन नाही. वजन ५ औंस, म्हणजे साधारण १४२ ग्रॅम. त्याहून जास्त चालत नाही. वरून सुटलेली गाडी ३ सेकंदांच्या आसपास खाली पोहोचते आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या-हजाराव्या भागावर लागतो. मग वेग येतो कुठून? पोरांना वाटते टोकदार आकारातून. खरे तर तो येतो वजन मागे ठेवण्यातून आणि घर्षण कमी करण्यातून. उतारावर गाडीचा मागचा भाग उंच असतो. तिथे वजन असले की ते जास्त उंचीवरून खाली येते. म्हणून जाणकार मंडळी मागच्या आसाच्या थोडे पुढे, इंचभर अंतरावर, गाडीचा तोल साधतात. त्यासाठी टंगस्टनचे तुकडे मिळतात. ते शिशाहून बरेच जड असल्याने थोड्या जागेत मावतात, आणि शिशाचे विष पोरांच्या हाताला लागत नाही.

घर्षणाचे काम मात्र चिकाटीचे. खिळ्याच्या डोक्याखाली आणि अंगावर कारखान्यातल्या बारीक कडा राहिलेल्या असतात. खिळा ड्रिल मशीनमध्ये धरून फिरवायचा, कानशीने कडा घालवायच्या, मग आधी जाड आणि नंतर बारीक पॉलिश पेपर, शेवटी आरशासारखी चकाकी. त्यावर ग्रॅफाइटची पूड. आपण अडलेल्या कुलपात पेन्सिलीची पूड टाकतो, तोच हा प्रकार!

आता जिग. आयटीआयमध्ये शिकलेल्या मुलांना हा शब्द सांगायला नको. हत्याराला वाट दाखवणारा, हात हलला तरी काम हलू न देणारा साचा म्हणजे जिग. ठोकळ्यातल्या आसाच्या खाचा थोड्या जरी तिरक्या असल्या, तरी गाडी एका बाजूला ओढते आणि रुळाच्या मधल्या पट्टीला घासत जाते. म्हणून जिथे नियम परवानगी देतात तिथे लोक नवी भोके पाडतात, आणि ती काटकोनात यावीत म्हणून ड्रिलचा जिग लावतात. विकतचा जिग, चाके एकसारखी करायचे साधन, आस किंचित वाकवायचे साधन, तोलायचा काटा असा सगळा सरंजाम घ्यायचा म्हटले तर खर्च मूळ किटच्या कित्येक पट होतो. आम्ही कारकुनी पेशाचे, बेरीज आधी करतो. ही बेरीज आम्हांस पटत नाही.

कारण इथे शर्यत पोरांची राहत नाही, बापांच्या खोलीतल्या हत्यारांची होते. त्याच सोप बॉक्स डर्बीत १९७३ साली ओहायोतील अक्रन येथे जिंकलेल्या मुलाच्या गाडीच्या नाकात विद्युतचुंबक सापडला आणि त्याचे पद काढून घेतले गेले. चौदा वर्षांचे पोर ते! मागे हात घरातल्या वडीलधाऱ्याचा होता.

पण जिगचे मर्म उलटे आहे. ज्याचा हात बसलेला नाही त्याच्यासाठीच तर तो असतो. सात वर्षांचे पोरही जिग लावून सरळ भोक पाडू शकते. बाप शेजारी उभा असला म्हणजे झाले. आणि तो घरी होतो. कठीण लाकडाचा तुकडा घ्यावा, ओळखीच्या सुताराकडून स्टँडवरच्या ड्रिल मशीनने त्यात गुण्यात एकच भोक पाडून घ्यावे. खाली एक आणि टोकाला एक पट्टी मारावी, दोन्ही बाजूंनी पुढे आलेली. तोच तुकडा ठोकळ्याच्या डाव्या-उजव्या दोन्ही अंगांना बसतो आणि भोके समोरासमोर येतात. कित्येक ठिकाणी स्काउटचे गट एखादा दिवस ठरवून सर्वांना एकाच जागी हत्यारे वापरू देतात. असा जिग तिथे ठेवून द्यावा. एकाचे काम झाले की दुसऱ्याच्या हाती.

गाडी सरळ जाते की नाही हे पाहायला तर पैसाही लागत नाही. एक लांब फळी एका टोकाने उचलावी, मधोमध रेघ मारून गाडी सोडावी, आणि रेघेपासून ती किती ढळते ते पोरालाच पट्टीने मोजू द्यावे. आस पकडीने जरासा फिरवावा, पुन्हा सोडावी. संध्याकाळ कशी गेली ते कळत नाही. वजन मात्र शर्यतीच्या जागी पुन्हा होते आणि तिथला काटा तोच खरा. म्हणून घरून एक-दोन ग्रॅम कमीच ठेवून निघावे आणि खिशात थोडी पुट्टी असू द्यावी.