टाचणावर चर्चा हवी, नुसते व्हिडिओ नकोत

गोदावरीला पूर आला की नाशिक जिल्ह्यातल्या सायखेड्याच्या पुलाला पाणवेली अडकतात, पाणी तुंबते आणि काठावरची वस्ती धास्तावते. जवळच नांदूरमध्यमेश्वर आहे, २०२० मध्ये रामसर यादीत जाहीर झालेले राज्यातले पहिले पाणथळ क्षेत्र. या परिसरातल्या शाळेत आंतरवासितेसाठी येणाऱ्या छात्राध्यापकाला याहून जिवंत पाठ्यविषय मिळणार नाही. पाणवेल इतकी का फोफावते, पुलाशीच का साचते, काढली तर तिचे करायचे काय, या प्रश्नांत विज्ञान, भूगोल, गणित आणि गावकारभार एकत्र येतात. पण ठरावीक उद्दिष्टे आणि ठरावीक प्रश्नांच्या पाठ-टाचणात हे सारे ‘जलप्रदूषण : कारणे व उपाय’ एवढ्यावर आटोपते.

अशा वेळी ऑनलाइन शिक्षणाकडे बोट दाखवले जाते. ‘दीक्षा’ हे ऑनलाइन व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले, शिक्षकांचे ‘निष्ठा’ प्रशिक्षण २०२० मध्ये ऑनलाइन आले. दूरच्या शिक्षकापर्यंत साहित्य पोहोचले, हे मोठेच काम झाले. मात्र व्हिडिओ पाहा, पर्याय निवडा, प्रमाणपत्र घ्या, या साच्यात प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असते. मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांनी १९५० पासून सर्जनशीलतेच्या अभ्यासाचा आग्रह धरला. एका प्रश्नाला अनेक अंगांनी भिडण्याची क्षमता त्यांना त्यात महत्त्वाची वाटत होती. पर्याय निवडून ती येत नाही. ‘मूडल’सारख्या मोफत प्रणालीत मात्र टाचणाचा कच्चा खर्डा टाकता येतो, सहकाऱ्यांचे आक्षेप मिळतात, सुधारलेला खर्डा पहिल्याशेजारी राहतो. सराव पाठात मागच्या बाकावरून लिहिलेला शेरा पाठ संपल्यावर हाती पडतो, तोवर मुलांचा तास गेलेला असतो. मूडलवर तीच टीका पाठाआधी मिळते. वर्गात गप्प बसणाऱ्यालाही विचार करून लिहायला उसंत मिळते, आणि मला हा लाभ सर्वांत मोलाचा वाटतो.

नेटवर्कचा आक्षेप खरा आहे, पण लेखी चर्चेला व्हिडिओच्या मानाने फारच थोडा डेटा लागतो. शिकवणे प्रत्यक्ष वर्गातच येते, हेही मान्य. बी.एड.मधली वीस आठवड्यांची आंतरवासिता कमी करा, असे कोणी म्हणू नये. चर्चा तिच्या तयारीसाठी आहे. आयते टाचण उतरवण्याची भीती अधिक गंभीर आहे. तिच्यावर उपाय स्थानिक प्रश्नाचाच: सायखेड्याच्या पुलाखाली काय साचते, हे तिथे जाऊन पाहिल्याशिवाय लिहिता येणार नाही. प्राध्यापकांवर वाचनाचा भार वाढेल, म्हणून पहिले वाचन छात्राध्यापकांनी एकमेकांचे करावे. दूरशिक्षणाचा अनुभव तर नाशिकमध्येच आहे; यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथे आहे. अध्यापक महाविद्यालयांनी अंतर्गत मूल्यमापनात थोडे गुण पहिल्या आणि शेवटच्या खर्ड्यातल्या फरकाला, आणि त्या फरकामागच्या कारणांना द्यावेत. त्यासाठी नवे ॲप विकत घ्यावे लागणार नाही.