गच्चीवरील ऊन आणि मुदत ठेव

मलकापूर-खामगावच्या गच्चीवर उन्हाची वाण नाही. उणीव असते ती हिशेबाची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान आहे. किंमत दोन लाख धरल्यास घरचे १,२२,००० गुंततात. चातुर्मासातील ढगाळ दिवस जमेस धरूनही वर्षाला सुमारे ४,००० युनिट वीज मिळते.

महावितरणचा दर वापराबरोबर चढतो. पहिली १०० युनिटे स्वस्त असतात. महिना ३०० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाची बचत, सरासरी दहा रुपये दराने, वर्षाला ३६,००० होते. साडेतीन वर्षांत मुद्दल वसूल. त्याच गल्लीतील ८० युनिटांत भागवणारे वृद्ध दांपत्य मात्र विक्रेत्याच्या आग्रहापुढे मुदत ठेव मोडून तोच संच बसवते. सात रुपये दराने त्यांची बचत ६,७२० रुपये. मोडलेल्या ठेवीचे ७ टक्क्यांचे व्याज ८,५४० होते. (व्याजावर कर लागू शकतो, बचतीवर नाही, हेही खरेच.) शिल्लक युनिटांना वर्षअखेरीस अल्प दर मिळतो आणि स्थिर आकार काही सुटत नाही. अशा घरास १ किलोवॅट पुरे. त्यासही ३०,००० अनुदान आहे. सही करण्यापूर्वी बारा महिन्यांची बिले पुढ्यात घ्यावीत, कूलर चालतो त्या वैशाखाचे एकटे बिल नव्हे.